हृदयविकारानंतर व्यायाम किती जोराचा? रक्तातल्या ‘दुरुस्ती पेशीं’बद्दल संशोधन काय सांगते

अँजिओप्लास्टी होऊन पेशंट घरी आला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘आता जिना चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही, पडून राहा.’ दुसरा म्हणतो, ‘भरभर चाला, घाम गाळा, म्हणजे परत ब्लॉकेज होणार नाही.’ दोघांचाही हेतू चांगला असतो, पण दोघेही अर्धेच बरोबर असतात. हृदयरुग्णाला व्यायाम हवा, हे आता वादातीत आहे. खरा प्रश्न आहे तो किती वेळ आणि किती जोराने, हा.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या पंचवीसएक वर्षांत शास्त्रज्ञांचे लक्ष रक्तात फिरणाऱ्या एका दुर्मिळ पेशीकडे गेले. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची डागडुजी करण्यात तिचा हात असतो. व्यायाम केल्यावर या पेशी अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात. त्या कोण, व्यायामाच्या तीव्रतेशी त्यांचा संबंध काय आणि हृदयरुग्णाने त्यातून काय घ्यावे, ते या लेखात पाहू.

अस्तर बिघडले की आजार सुरू

शरीरातली प्रत्येक रक्तवाहिनी आतून एका अतिशय पातळ थराने मढवलेली असते. जाडी फक्त एका पेशीची. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा थर म्हणजे पाइपला आतून दिलेला नुसता रंग नव्हे, तो कामसू अवयव आहे. रक्ताचा प्रवाह वाढला की तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो, त्यामुळे रक्तवाहिनी सैल होऊन रुंदावते. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणे आणि पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू न देणे हेही त्याचेच काम.

तंबाखू, विडी-सिगारेट, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल या साऱ्यांचा पहिला मार या अस्तरावर बसतो. अस्तर दुखावले की कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते, सूज येते आणि वर्षानुवर्षे साठत साठत ज्याला आपण ब्लॉकेज म्हणतो तो थर तयार होतो. म्हणजे हार्ट अटॅक एका दिवसात येतो, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते.

१९९७ चा शोध

मोठ्या माणसात रक्तवाहिनीचे अस्तर शेजारच्या पेशी वाढूनच भरून निघते, असे पूर्वी मानले जाई. १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इस्नर यांच्या बोस्टनमधील गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रौढ माणसाच्या रक्तातून त्यांनी अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्या प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींसारखे गुण दाखवू लागल्या. प्राण्यांत त्या रक्तपुरवठा तुटलेल्या भागात जाऊन बसत होत्या. या पेशींना एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल्स, थोडक्यात ईपीसी, असे नाव पडले. आपण त्यांना दुरुस्ती पेशी म्हणू.

या पेशींचा मुख्य साठा अस्थिमज्जेत असतो. रक्तात त्या इतक्या कमी असतात की पांढऱ्या पेशींच्या गर्दीतून त्यांना शोधणे म्हणजे यात्रेत चुकलेले पोर शोधण्यासारखे. पृष्ठभागावरच्या सीडी३४, व्हीईजीएफआर-२ अशा खुणांवरून त्या ओळखतात आणि फ्लो सायटोमेट्री नावाच्या यंत्राने मोजतात.

संख्या कमी म्हणजे धोका जास्त

२००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४५ पुरुषांवरचा एक अभ्यास आला. हृदयविकार नसलेल्या या पुरुषांत ज्यांच्या जोखमीचा आकडा जास्त, त्यांच्या रक्तातून दुरुस्ती पेशींच्या वसाहती कमी वाढल्या. ज्यांच्या वसाहती जास्त, त्यांच्या रक्तवाहिन्या चांगल्या रुंदावत होत्या.

२००५ मध्ये याच नियतकालिकात जर्मनीतील संशोधकांनी कोरोनरी हृदयविकार असलेल्या ५१९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतल्याचे प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तात या पेशी जास्त होत्या, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी होते. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की या आकड्यावरून पुढचा हार्ट अटॅक किंवा कोणत्याही कारणाने होणारा मृत्यू सांगता येत नाही. ही दुसरी बाजू बातम्यांत सहसा येत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितली.

धूम्रपान आणि मधुमेह यांत या पेशी कमी होतात, कामालाही मंद पडतात. धूम्रपान सोडल्यावर संख्या पुन्हा वाढते. स्टॅटिन गटातल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही ती वाढत असल्याचे २००१ पासून दिसून आले आहे. आणि तिसरा मार्ग म्हणजे व्यायाम.

चालायला लागल्यावर आत काय घडते?

आपण वेगाने चालू लागलो की हृदय जास्त रक्त फेकते. रक्ताचा प्रवाह अस्तरावर घासत जातो, त्या घर्षणाने अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करते. अस्थिमज्जेतही याच वायूची गरज असते. तिथे त्याच्या इशाऱ्यावर काही एन्झाइम्स सक्रिय होतात आणि जागेवर बांधून ठेवलेल्या पेशींची बंधने सोडवतात. पेशी रक्तात उतरतात.

दुसरा इशारा ऑक्सिजनच्या कमतरतेचा. एखाद्या स्नायूला गरजेपेक्षा कमी ऑक्सिजन मिळाला की तो व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो. त्याच्या जोडीला एसडीएफ-१ नावाचे दुसरे प्रथिन असते. ते एखाद्या पत्त्यासारखे काम करते. दुरुस्ती पेशीवर सीएक्ससीआर-४ नावाचा ग्राहक असतो, तो हा पत्ता वाचतो आणि पेशी दुखावलेल्या जागी पोचते. म्हणून नुसती संख्या पुरेशी नाही. पेशीला पत्ता वाचता आला पाहिजे आणि तिथे जाऊन टिकताही आले पाहिजे.

तीव्रता म्हणजे नक्की किती?

‘जोरात’ हा शब्द फसवा आहे. एकाचे जोरात ते दुसऱ्याचे हळू. डॉक्टर तीव्रता तीन प्रकारे मोजतात.

पहिला प्रकार नाडीचा. समजा, स्ट्रेस टेस्टमध्ये म्हणजे टीएमटीमध्ये रुग्णाची नाडी जास्तीत जास्त १३४ पर्यंत गेली आणि निवांत बसल्यावर ती ६४ असते. दोन्हींतला फरक ७०. याला राखीव नाडी म्हणू. तिचे ४० टक्के म्हणजे २८, ते ६४ मध्ये मिळवले की ९२. ६० टक्के धरले तर १०६ आणि ८० टक्के धरले तर १२०. ढोबळमानाने ९२ ते १०६ हा या रुग्णाचा मध्यम पट्टा आणि त्याच्या वर तीव्र. ‘२२० वजा वय’ हे सूत्र इथे लावू नये. बहुतेक हृदयरुग्ण मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेतात. त्या नाडीला वर जाऊ देत नाहीत. अशा माणसाने सूत्रातला आकडा गाठायचा प्रयत्न केला तर तो भलताच दमेल. टीएमटीसुद्धा रोजच्या गोळ्या घेऊन केलेली असेल तरच हे गणित जुळते.

दुसरा प्रकार बोर्ग मापनाचा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी पट्टी तयार केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता एक पाऊलही पुढे टाकवत नाही. हृदयरुग्णाला बहुधा ११ ते १४ च्या दरम्यान राहायला सांगतात.

तिसरा प्रकार सगळ्यात सोपा, त्याला ना घड्याळ लागते ना यंत्र. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो तीव्र.

तीव्रता आणि दुरुस्ती पेशी: प्रयोगांचे निष्कर्ष

२००४ मध्ये उलरिश लाउफ्स यांच्या जर्मन गटाने उंदरांना पळायला चाक दिले आणि कोरोनरी हृदयविकार असलेल्या १९ स्थिर रुग्णांना २८ दिवस व्यायाम करायला लावला. दोन्हीकडे रक्तातल्या दुरुस्ती पेशी वाढल्या. पुढच्याच वर्षी याच गटाने निरोगी माणसांवर वेळ आणि जोर यांची तुलना केली. ३० मिनिटे जोरात पळणे आणि ३० मिनिटे मध्यम गतीने पळणे, दोन्हींनी पेशी वाढल्या. १० मिनिटांच्या मध्यम पळण्याने मात्र फरक पडला नाही. म्हणजे तिथे जोरापेक्षा वेळेचे पारडे जड ठरले.

लाइपझिगमधील संशोधकांनी २००४ मध्ये वेगळीच गोष्ट दाखवली. कमाल ताकदीच्या एका चाचणीनंतर ज्या रुग्णांच्या हृदयाला व्यायामात रक्त कमी पडले, त्यांच्यात पुढच्या २४ ते ४८ तासांत दुरुस्ती पेशी वाढल्या. ज्यांना रक्त कमी पडले नाही, त्यांच्यात तशी वाढ झाली नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग छातीत दुखेपर्यंत पळावे काय? मुळीच नाही. ती चाचणी ईसीजी लावून, डॉक्टर समोर उभे राहून, काही मिनिटांपुरती केलेली होती. रक्त कमी पडलेल्या हृदयात ठोक्यांची लय बिघडू शकते आणि ती जिवावर बेतू शकते. शिवाय त्याच शहरातील गटाने २००५ मध्ये पुढचा मुद्दा स्पष्ट केला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांत रक्त कमी पडेपर्यंत केलेल्या व्यायामाने पेशींची संख्या वाढली. हृदयरुग्णांनी रक्त कमी पडू न देता केलेल्या व्यायामाने संख्या तशी वाढली नाही, पण पेशींवरचे पत्ता वाचणारे ग्राहक वाढले आणि रक्तवाहिनीत सामील होण्याची त्यांची क्षमता सुधारली. गर्दी वाढली नाही, पण कामकरी हुशार झाले.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांबाबत अथेन्समधील संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत काम केले आहे. ३६ सत्रांच्या पुनर्वसन कार्यक्रमानंतर या रुग्णांत निवांत अवस्थेतली पेशींची पातळी वाढलेली आढळली आणि एका कमाल चाचणीनंतर येणारी उसळीही. आजार जास्त असलेल्यांनाही त्याचा फायदा मिळाला.

सगळे प्रयोग मात्र एका सुरात बोलत नाहीत. सहभागी रुग्ण थोडे असतात, पेशी मोजायच्या खुणा प्रत्येकाच्या निराळ्या असतात आणि रक्त व्यायामानंतर १० मिनिटांनी घेतले की दोन दिवसांनी, यावर आकडा बदलतो.

तीव्र की मध्यम? मोठ्या चाचण्यांचा कौल

पेशींचा आकडा बाजूला ठेवून रुग्णाला काय मिळाले हे पाहिले तर चित्र जास्त स्पष्ट होते.

२००७ मध्ये नॉर्वेतील उलरिक विस्लॉफ यांच्या गटाने हार्ट अटॅकनंतर हृदय अशक्त झालेल्या २७ रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाने चार-चार मिनिटांचे चार जोरदार टप्पे आणि मध्ये तीन-तीन मिनिटे सावकाश, असे चालणे केले. दुसऱ्या गटाने सलग मध्यम चालणे केले. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या गटात ४६ टक्के वाढली, दुसऱ्यात १४ टक्के. या निकालाने ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ जगभर गाजले.

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा हा फरक विरघळला. बेल्जियममध्ये २०० कोरोनरी रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या सेंटेक्स-सीएडी चाचणीत दोन्ही गटांची क्षमता जवळपास सारखीच, साधारण २० टक्क्यांच्या पुढे वाढली. रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे कामही दोन्हीकडे सुधारले. युरोपातील अनेक केंद्रांत २६१ हार्ट फेल्युअर रुग्णांवर झालेल्या स्मार्टेक्स-एचएफ चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. तिथेही तीव्र इंटरव्हल व्यायाम मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. त्यात एक गमतीची बाब पुढे आली. तीव्र गटातले निम्मे रुग्ण ठरलेल्या जोरापेक्षा कमी जोर लावत होते आणि मध्यम गटातले ८० टक्के रुग्ण ठरलेल्यापेक्षा जास्त. प्रत्यक्षात माणूस आपल्या अंगाला झेपेल त्याच गतीवर येऊन स्थिरावतो.

सुरक्षिततेचे काय? नॉर्वेतील तीन पुनर्वसन केंद्रांतील ४,८४६ रुग्णांच्या १,७५,८२० तासांच्या व्यायामाची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडून एक मृत्यू झाला. तीव्र व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोघांचे हृदय बंद पडले, दोघेही वाचले. धोका दोन्हीकडे अगदी कमी, पण तासांच्या हिशेबाने तीव्र व्यायामात जास्त. आणि हे सगळे प्रशिक्षित माणसे शेजारी असताना. ते दोघे वाचले, ते मदत हाकेवर होती म्हणून, हे विसरू नये.

या पेशी खरेच दुरुस्ती करतात का?

इथे शास्त्रज्ञांनी आपलाच पहिला अंदाज बदलला आहे. या पेशी स्वतः अस्तरात बसून वीट बनतात, असे सुरुवातीला वाटत होते. नंतर कळले की ईपीसी म्हणून मोजलेल्या बहुतेक पेशी मुळात रक्तपेशींच्याच कुळातल्या आहेत. त्या वीट होत नाहीत, गवंड्याला हाक मारतात. वाढीला मदत करणारी द्रव्ये त्या सोडतात आणि शेजारच्या अस्तर-पेशी त्यामुळे वाढू लागतात. स्वतः वीट होऊ शकणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्याहून दुर्मिळ आहेत. नावांचा हा गोंधळ मिटवण्यासाठी २०१७ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन पेशींना नेमकी नावे वापरावीत असे सुचवले.

म्हणून दुरुस्ती पेशींची रक्ततपासणी करून घेण्याची सामान्य रुग्णाला आज गरज नाही. उपचार ठरवण्यासाठी ती नेहमीची तपासणी नव्हे, संशोधनाचे साधन आहे.

‘स्टेम सेल’च्या जाहिरातींपासून सावध

‘व्यायामाने पेशी वाढतात, मग थेट टोचूनच घेऊ’ असा विचार जगभर झाला. हार्ट अटॅकनंतर अस्थिमज्जेतील पेशी हृदयात सोडण्याच्या अनेक चाचण्या झाल्या. युरोपातील बामी चाचणीत ३,००० रुग्ण घ्यायचे ठरले होते, प्रत्यक्षात ३७५ च मिळाले आणि ठोस निष्कर्ष निघू शकला नाही. भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक रक्तविकारांसारख्या आजारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. मंजूर चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. कुणी पॅकेज सांगून लाखांची रक्कम मागत असेल तर जमीन किंवा दागिने मोडण्याआधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

मग प्रत्यक्ष काय करायचे?

व्यायामावर आधारित पुनर्वसनाचा २०२१ चा कोक्रेन आढावा ८५ चाचण्या आणि २३,४३० रुग्णांचा होता. त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारे अटॅक आणि इस्पितळात भरती होणे कमी झालेले दिसले. ही गोष्ट पेशींच्या आकड्यांपेक्षा मोठी.

आपल्याकडे सगळीकडे पुनर्वसन केंद्रे नाहीत. त्यामुळे भारतातील योगा-केअर ही चाचणी महत्त्वाची ठरते. २४ केंद्रांतील ३,९५९ रुग्णांना अटॅकनंतर १२ आठवडे योगावर आधारित कार्यक्रम किंवा नेहमीची काळजी दिली गेली. मृत्यू आणि अटॅक यांत लक्षणीय फरक पडला नाही, पण योग गटातले रुग्ण आधीच्या कामकाजाकडे जास्त चांगले परतले आणि त्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटली.

बहुतेकांना लागू पडेल असा क्रम असा:

• घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितले असेल त्या दिवसापासून सपाटीवर ५ ते १० मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा चालणे. हळूहळू सलग ३० मिनिटांपर्यंत नेणे.

• आठवड्यातले पाच दिवस मध्यम गतीने. सुरुवातीची ५ ते १० मिनिटे आणि शेवटची ५ ते १० मिनिटे सावकाश. एकदम थांबू नये, रक्तदाब घसरून चक्कर येते.

• इंटरव्हल किंवा जिममधला जोराचा व्यायाम करायचा असेल तर आधी टीएमटी आणि इको करून, डॉक्टरांची परवानगी घेऊन, शक्यतो देखरेखीखाली.

• भरल्या पोटी चालू नये. ग्वाल्हेर-हैदराबादचा मे महिना असेल तर पहाटे, बेळगावचा पावसाळा असेल तर घरातल्या घरात किंवा देवळाच्या सभामंडपात चालावे, पण खंड पाडू नये.

• सीमाभागातले बरेच रुग्ण उपचार एका राज्यात घेतात आणि चेकअप दुसऱ्या राज्यात करतात. डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल आणि गोळ्यांची यादी यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. नव्या डॉक्टरांना व्यायामाची मर्यादा त्यावरूनच ठरवता येते.

या स्थितीत व्यायाम नको

विश्रांतीतही छातीत दुखणे, अलीकडे वाढत चाललेले दुखणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, पायावर वाढती सूज व आडवे पडल्यावर धाप, महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन, ताप किंवा ताजा संसर्ग असताना व्यायाम करू नये. आधी डॉक्टरांकडे जावे.

चालताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत अनियमित धडधड जाणवली तर तिथेच बसावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत बरे वाटले नाही तर १०८ ला फोन करावा. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणा या सगळ्या राज्यांत हाच क्रमांक चालतो. मुलाची गाडी येईपर्यंत थांबू नये. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहण्यात अनेकांचा मोलाचा वेळ जातो.

थोडक्यात

व्यायामाने दुरुस्ती पेशी रक्तात उतरतात आणि त्यांचे काम सुधारते, याला चांगला आधार आहे. जास्त जोर लावला म्हणजे जास्त फायदा, याला तेवढा आधार नाही. नियमितपणा आणि पुरेसा वेळ यांचे वजन जास्त आहे. आणि एका व्यायामाने आलेली पेशींची उसळी काही तासांची किंवा फार तर दोन-तीन दिवसांची असते. रविवारी दहा किलोमीटर आणि इतर दिवशी सोफा, हे म्हणूनच उपयोगाचे नाही. रोजचे अर्धा तास, बोलता येईल अशा गतीचे चालणे, वेळेवर गोळ्या आणि तंबाखूला कायमचा रामराम, एवढे सांभाळले तर शरीर आपली डागडुजी स्वतः करत राहते.

(हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या प्रकृतीनुसार व्यायामाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.)